समीक्षाच्या नावाची डबी

सालेकसा
९ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

जय भीम. पाकिटावर माझं नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही ते तसंच टायराच्या चुलीत टाकलं असतं. आता उघडलंच आहे तर वाचून टाका.

आजच्या काळात पत्र कोण लिहिते, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलं. मुन्नाच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकून कापला. मागच्या महिन्यात कोहमाऱ्याच्या चौकात तुमच्या पंक्चरच्या दुकानासमोरून दोनदा गेलो, तुम्ही टायरातून डोकं वर काढलं नाही. (तिसऱ्यांदा काढलं होतं. तेव्हा मीच एसटीच्या मागे लपलो.) म्हणून ही वही आणली.

सध्या मी छातीचे फोटो काढणाऱ्या गाडीवर आहे. एका संस्थेची गाडी आहे, गावोगाव फिरते आणि खोकणाऱ्यांना गोळा करते. मी ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर मुन्ना आहे, तो मला स्टेअरिंगला हातसुद्धा लावू देत नाही. मी हेल्पर. रांग लावायची, नावं पुकारायची, बायांना माळा-मंगळसूत्र काढायला सांगायचं, आणि फोटोच्या वेळी ओरडायचं: मोठा श्वास घ्या, धरा, सोडा. दिवसातून शंभर वेळा तरी होते. परवा जेवताना आईनं भात वाढला तर मी म्हटलं, धरा, सोडा. आई म्हणे, डोस्कं फिरलं याचं.

आमचे टेक्निशियन दुलीचंदजी गोंदियाचे आहेत. हिंदीतच बोलतात, मराठी फक्त रागावल्यावर. ते मला शिकवून राहिले. छातीत बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. गळ्याखालचं आडवं हाड म्हणजे हसली. मधलं ते उरोस्थी. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. मी अकरावी नापास, पण हे एकदा ऐकलं आणि पाठ झालं. फोटोत हाड पांढरं दिसते आणि हवा काळी. म्हणून फुफ्फुस काळं दिसलं की बरं. काळ्याला कोणी चांगलं म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि उजवं म्हणजे रोग्याचं उजवं, पाहणाऱ्याचं नाही. हे मला फार आवडलं. ज्याचं दुखते त्याच्या बाजूनं सांगायचं.

मुद्दा राहूनच गेला.

आई सांगत होती, तुमच्या मैत्रीच्या मानेला गाठ आली. उजवीकडे, कानाखाली. (तिच्या उजवीकडे ना?) दिवाळीच्या आधीपासून आहे, पोरगी जेवत नाही, संध्याकाळी अंग गरम होते. भाऊजी, मानेत बारीक गाठी सगळ्यांच्याच असतात, लसिकाग्रंथी म्हणतात त्यांना. दात सडला की सुजतात, दात बरा झाला की बसतात. पण जी गाठ दुखत नाही आणि बसतही नाही, ती चांगली नाही. तिला गोंदियाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि टीबीची तपासणी करायला सांगा. मेडिकलवाल्याची बाटली नको.

आणखी एक. आमच्या समीक्षाचा तो तपासणीचा कागद अजून तुमच्या पाकिटात आहे का? असंच विचारलं.

संघदीप


दरेकसा
१६ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

तुमचा निरोप आईनं फोनवर सांगितला, आणि तुमच्याच आवाजात सांगितला, तिला नकला चांगल्या येतात हे तुम्हाला माहीतच आहे. “त्याले म्हणा, बहिणीच्या मातीले आला नाही तो, अन आता भाचीची गाठ मोजून राहिला. दातानं सुजली ते. माह्या घरात टीबी नाही. कागद आहे माह्याजवळ.”

मातीला आलो नाही हे खरं आहे. दोन वर्षं होतील आता डिसेंबरात. रायपूरला होतो, गाडी मिळाली नाही असं मी आईला सांगितलं. रायपूरहून सालेकस्याच्या बाजूला दिवसभर गाड्या येतात हे तुम्हालाही माहीत, आईलाही माहीत. स्टेशनवर गेलो होतो. गोंदियावरून जाणारी पोरबंदरची गाडी उभी होती, तिच्यात बसलो, आणि सुटायच्या आधी उतरलो. एवढंच सांगतो.

इथं दरेकस्याला बोगद्याजवळ आमची गाडी लागली आहे. लहानपणी समीक्षा आणि मी बोगद्यात ओरडायला यायचो. ती तिचं नाव ओरडायची आणि बोगदा परत द्यायचा. मी ओरडलो की माझं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून रुसायचो. आता रेल्वेवाले जाऊ देत नाहीत. काल जेवणाच्या सुट्टीत तोंडाशी उभा राहिलो. ओरडलो नाही, उगाच उभा होतो. आतून खोकल्यासारखं काही आलं. मालगाडी होती, नंतर दिसली. पण आधी खोकला आला आणि मग मालगाडी आली, एवढं मी सांगू शकतो.

आणि परवाचं ऐका. एका बाईचा फोटो काढला, तिशीच्या आतली असेल. मी माळ काढायला लावली, बांगड्या वर करायला लावल्या, पिन असेल तर काढा म्हटलं. तिनं पदर झटकून दाखवला. फोटो लॅपटॉपवर आला तर डाव्या हसलीखाली सेफ्टीपिन. पांढरी, उघडी, टोक खाली. दुलीचंदजी मराठीत आले: “डोळे आहेत का रे तुला? पिन दिसते ना इथं!” मी बाईला परत विचारलं, तिनं शपथ घेतली. दुसऱ्यांदा फोटो काढला. साफ. पिन नाही, काही नाही. दुलीचंदजी म्हणाले, मशीन गरम हो गई. मशीन गरम होते, ते खरं आहे.

समीक्षा पिन तिथंच लावायची. डावीकडे, टोक खाली. तुमच्या लग्नाच्या फोटोत पाहा.

कागदाचं बोलतो. त्याच्यावर तिचं नाव आहे, वय बावीस, थुंकीची तपासणी, जानेवारी २०२०, आणि खाली निगेटिव्ह. तुम्ही तो प्रत्येक डॉक्टरला दाखवायचे. कोरोनात ती खोकून राहिली तेव्हा दाखवला. नाकात काडी घालून कोरोना पाहिला, तोही नाही निघाला. मैत्री झाल्यावर ती वाळत गेली तेव्हा दाखवला, डॉक्टरनं रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. शेवटच्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली, तेव्हाही साकोलीच्या डॉक्टरला तुम्ही आधी तोच दाखवला म्हणतात.

भाऊजी, त्या महिन्यात आशा वर्कर सुशिलाबाईजवळ आमच्या वस्तीतल्या थुंकीच्या अकरा डब्या होत्या. सगळ्या सारख्या, पांढऱ्या, लाल झाकणाच्या. डब्या बदलतात कधी कधी. मी गाडीवर पाहतो ना. म्हणजे तो कागद दुसऱ्या कोणाचाही असू शकते. एवढंच म्हणून राहिलो. त्या कागदाच्या भरवशावर मैत्रीला घरी ठेवू नका.

संघदीप


२० नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते खाली समजेल.

आज शाळेच्या आवारात शिबिर होतं. धान कापून झालं आहे, म्हणून गर्दी होती. ज्याच्या फोटोत पांढरं दिसते त्याला आम्ही डबी देतो: खोल खोकून खकार काढा, लाळ नको. एका पोरीच्या उजव्या फुफ्फुसात वर, हसलीच्या मागे, कापसाच्या बोंडाएवढं पांढरं दिसलं. एकोणीस-वीस वर्षांची असेल. सोबत मोठा भाऊ होता. मी डबी दिली आणि रांगेकडे वळलो.

मग मला काय झालं कोण जाणे, मी परत वळलो. दोघं शाळेच्या मागे गेले होते. मीही गेलो. भाऊ वाकून डबीत खोकत होता आणि पोरगी कोपऱ्यावर पहारा देत होती.

मी डबी त्याच्या हातातून ओढली. अर्धी माझ्या शर्टावर सांडली.

“कायले करून राहिला बे हे?” मी एवढ्या जोरानं ओरडलो की शाळेतली पोरं खिडकीत आली.

तो म्हणे, “दादा, तिची सोयरिक लागून राहिली आहे. तुमचं का जाते?”

“माझं का जाते?” मी म्हटलं. पोरगी रडायला लागली. माझ्या हातात ती रिकामी डबी, वर तिचं नाव, आणि मुन्ना लांबून ओरडला, “ए संघदीप, भांडून काऊन राहिला?”

नवीन डबी दिली. मी तिच्या समोर उभा राहिलो, डोळ्यात डोळे घालून, जोपर्यंत तिनं स्वतः खोकून काढलं नाही तोपर्यंत. पोरीला लाज वाटत होती. वाटू दिली.

संध्याकाळी दुलीचंदजी म्हणाले, “तुझे कैसे पता चला बे? मैं बीस साल से हूँ, मेरे को तो नहीं चलता.”

म्हटलं, “असंच. चेहऱ्यावरून.”

त्यांनी मशीन परत सुरू केली. मग म्हणाले, आ, तेरा भी निकाल देते हैं. आणि माझा फोटो काढला. मी आत उभा, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि मलाच कोणी सांगत नाही म्हणून मीच म्हटलं: श्वास घे, धर, सोड. फोटो आला. साफ. दोन्ही बाजू काळ्या कुळकुळीत, एक डाग नाही. दुलीचंदजी खूष झाले, किताब में छापने लायक है म्हणाले. मी फोटोकडे पाठ करून खुर्च्या उचलायला लागलो.

तुम्ही मैत्रीला नेलं का? आई म्हणते, नाही नेलं. आई म्हणते, तुम्ही काहीतरी वेगळंच डोक्यात घेऊन बसले आहात. काय ते सांगत नाही ती.

तिचं वजन तरी करा. धान मोजायच्या काट्यावर करा, पण करा.

संघदीप


सालेकसा
२८ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

आई आज सकाळी म्हणाली ते ऐकल्यावर मी सरळ वही घेऊन बसलो. चहा तसाच राहिला आहे.

तुम्ही मंगळवारी सालेकस्याच्या बाजारात आले. भाजीच्या रांगेत, सगळ्यांसमोर, सुशिलाबाईला धरलं. “तू डबी बदलली. तू माह्या बायकोले मारलं.” माझं दुसरं पत्र तुमच्या हातात होतं. सुशिलाबाईनं टोपली खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, “मी नाही बदलली रत्नपाल. नंबर लिहिला होता मी.” पण लोक जमले होते. आता वस्तीत तिला कोणी दारात उभं करत नाही. काल ती आईकडे आली. म्हणे, “लीलाबाई, माह्याकडून झालं असन का वं? मले त काही समजूनच नाही राहिलं.” पंधरा वर्षं ती बाई ऊन-पाण्यात गोळ्या वाटत फिरली, आणि आता तिला स्वतःच्याच हातावर भरवसा राहिला नाही.

डबी बदलली नव्हती. नंबर बरोबर होता, नाव बरोबर होतं, दवाखान्यानं तपासलं तेही बरोबर तपासलं. आत जे होतं ते समीक्षाचं नव्हतं. माझं होतं.

आता सगळं लिहितो. मधे थांबलो तर परत लिहिता येणार नाही.

तुमच्या आई पाहायला आल्या तेव्हा त्यांनी समीक्षाचा खोकला ऐकला होता. जाताना म्हणाल्या, पोरीची छाती तपासून घ्या, मंग तारीख काढू. आमच्या आईला राग आला होता तेव्हा. आज मला वाटते, या सगळ्यात तेवढंच एक बोलणं शहाणपणाचं होतं.

सुशिलाबाई पहाटेची थुंकी घ्यायला सकाळी आल्या. गल्लीत बाया पाण्याला उभ्या होत्या. सोयरिकीच्या पोरीला असं डबी घेऊन कोणी पाहू नये, म्हणून सुशिलाबाईच म्हणाल्या, “तणसीच्या ढिगामागं जा वं पोरी. मी इकडं पाठ करून उभी राहते, कोणाले येऊ देत नाही.” त्या तशाच करतात, सगळ्या पोरींसाठी. चांगल्या मनानं करतात.

पेंढ्याच्या त्या ढिगामागे मी पडलो होतो. आई बिड्या वळायची, तिच्या सुपातली एक चोरून ओढत होतो. एकोणीस वर्षांचा होतो, कामधंदा नव्हता, तीनच दिवस झाले होते नागपूरहून येऊन.

समीक्षानं डबी माझ्यापुढे धरली, वरून दोन बोटांनी, अशी की जणू आत विंचू आहे. “संघ्या, तू खोक.”

“मी काऊन? मी का बिमार आहो?”

“बिमार नाहीस म्हणूनच त म्हणते, बावळटा.”

“अन तुझं?”

“लग्न झालं का मंग तपासते मी गुपचूप. सहा महिने गोळ्या खायच्या असतात, बस. तिकडं कोण पाहते?” आणि ती हसली. मीही हसलो. शाळेत ती बाबांची सही मारून द्यायची माझ्या प्रगतिपत्रकावर, तेव्हा जसे हसायचो तसेच. बिडीमुळे खकार लगेच आला. तिनं झाकण लावलं, दुपट्ट्यानं डबी पुसली, आणि सुशिलाबाईच्या पाठीमागे जाऊन म्हणाली, “झालं मावशी.”

आईला काहीच माहीत नव्हतं. आजही नाही. चार दिवसांनी कागद आला तेव्हा आई रडली आणि शेजारी साखर वाटली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुमचं लग्न झालं, आणि मग कोरोनानं सगळं बंद पडलं.

दिवाळीला ती आली तेव्हा मी विचारलं, गोळ्या सुरू केल्या का? ती म्हणाली, “कशाच्या गोळ्या? निगेटिव्ह आली ना मी.” मला वाटलं गंमत करून राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गंमत नव्हती, भाऊजी. तुम्ही तो कागद इतक्या जणांना दाखवला, इतक्या जणांनी मान हलवली, की तिलाही तो तिचाच वाटायला लागला. तणसीच्या मागचं फक्त मला आठवत राहिलं. मी तेव्हा म्हणू शकलो असतो. मैत्री पोटात होती तेव्हा म्हणू शकलो असतो. प्रत्येक वेळी घरी आलो, तिचा खोकला ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रकवर बसून निघून गेलो. बिलासपूर, रायपूर, पुन्हा नागपूर. संघ्याच्या पायाला भिंगरी आहे, सगळे म्हणायचे. मीही तेच सांगायचो.

मातीला म्हणूनच आलो नाही. तिचा चेहरा पाहिला असता तर तिथंच तोंड उघडलं असतं माझं. आता वाटते, उघडायला पाहिजे होतं. मैत्री तेव्हा अडीच वर्षांची होती. तेव्हाच तपासली असती, रोज एक गोळी देऊन रोग वर यायच्या आधीच थांबवला असता. घरात टीबी असला की लेकरांना देतात तशी गोळी. तुमच्या घरात कोणी दिली नाही, कारण घरात टीबी नव्हता. कागद होता.

सहा वर्षं झाली, तुम्ही पाकिटात माझी छाती घेऊन फिरून राहिले. ती साफ आहे. आठ दिवसांपूर्वीच पाहिली मी.

तो कागद कोणालाच दाखवू नका आता. मैत्रीला उद्याच्या उद्या गोंदियाला न्या. तुमचीही छाती तपासा, तुमच्या आईचीही. मला काय करायचं ते नंतर करा. मी ३ तारखेपर्यंत आमगावच्या बाजूच्या गावांत आहे, गाडीवर. कुठं जाणार नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहून राहिलो.

संघदीप


गोंदिया
५ डिसेंबर २०२५

भाऊजी,

आपण एकाच बाकावर बसलो आहोत आणि मी तुम्हाला पत्र लिहून राहिलो. तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला, मधे मैत्रीची पिशवी आणि पाण्याची बाटली. परवापासून तुम्ही माझ्याशी सात-आठ शब्द बोलले असाल. मी मोजले नाहीत, पण तेवढेच असतील.

पहिल्या दोन थपडा धरायच्या नाहीत. गाडीसमोर, रांगेतल्या लोकांच्या देखत. दुसरी कमी जोरात होती, ते माझ्या लक्षात आलं. दुलीचंदजी लॅपटॉप सोडून आले, “ये कौन है बे?” मी म्हटलं, जीजाजी. ते म्हणाले, “तो ठीक है,” आणि परत आत गेले. मग तुम्ही म्हणाले, “बस गाडीवर.” मला वाटलं पोलिसात नेता. तुम्ही सुशिलाबाईच्या दारात मोटरसायकल उभी केली आणि म्हणाले, “सांग.”

मी उंबऱ्यावर उभ्यानं सांगितलं. तुम्ही मागे होते, त्यांचा चेहरा तुम्हाला दिसला नसेल. त्या ऐकत होत्या आणि हातातली गोळ्यांची थैली घट्ट धरून होत्या. मला वाटलं शिव्या देतील. त्या म्हणाल्या, “पाठ त मीच फिरवली होती, बाबू.” मग तुमच्याकडे पाहून म्हणाल्या, “पोरीले उपाशीपोटी ने. खाऊ घालून नोको नेजो.” आणि आत जाऊन आपल्याला पाणी आणलं.

आज सकाळी डॉक्टरबाईनं विचारलं, घरात कोणाला टीबी होता का? तुमचा हात सवयीनं खिशात गेला. पाकीट निघालं, कागद निघाला, घड्यांवर फाटत आलेला. मी भिंतीकडे पाहायला लागलो. तुम्ही कागद परत ठेवला आणि म्हणाले, “होता. हिच्या आईले होता.” डॉक्टरबाई लिहून घेऊन पुढच्या प्रश्नावर गेल्या. त्यांना काय माहीत.

गाठीत सुई घालून जे ओढलं त्याचं उत्तर सोमवारी येईल. फोटोत डाव्या बाजूला थोडं धूसर आहे, मी पाहिलं, तिच्या डाव्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, टीबी निघाला तरी गोळ्यांनी बरा होतो, फक्त मधे सोडायच्या नाहीत. हे सगळं तुम्ही ऐकलं आहे. मी हे पत्र लिहून राहिलो ते तुम्ही ऐकलं नाही त्याच्यासाठी. तुम्ही शिक्का मारायला खाली गेले होते तेव्हाचं.

सिस्टर आल्या. म्हणाल्या, आधी डबीत प्रयत्न करू. एवढी लेकरं थुंकत नाहीत, गिळतात, मग नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागते. डबी मैत्रीच्या हातात दिली. वर पट्टी चिकटवली, तिचं नाव, वय साडेचार. सिस्टर दुसऱ्या लेकराकडे गेल्या. मैत्री खोकली. दोनदा, तीनदा. तो खोकला मी बोगद्याच्या तोंडाशी ऐकला होता, भाऊजी. तोच. आधी छोटा, मग ओढून मोठा. डबीत काही आलं नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डबी माझ्यापुढे धरली. वरून, दोन बोटांनी.

“मामा, माझं येऊनच नाही राहिलं. तूच थुंक ना.”

तिला कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. तिला ती डबी तशी धरायला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. तिच्या फ्रॉकवर डावीकडे पिन होती, तुमच्या आईनं लावली असेल. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत धरून ठेवले. नाही धरले असते तर काय केलं असतं, तेही मला माहीत नाही.

“नाही वं,” मी म्हटलं. “तुझंच पाहिजे.”

“माझंच काऊन?”

“तुझ्यात काय आहे ते तुझंच सांगन.”

ती रुसली. डबी बाकावर ठेवून दिली. अजूनही तिथंच आहे, तुमच्या कोपराजवळ, रिकामी.

मग सिस्टरनं तिला आत खाटेवर नेलं आणि नळी आणली. मला म्हणाल्या, नातेवाईकांनी बाहेर थांबा, नाही तर तिकडं तोंड करून उभे राहा, तुम्हाला पाहवणार नाही. मी म्हटलं, मी इथंच थांबतो. मैत्रीनं माझं बोट पकडलं. नळी आत जाऊन राहिली होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते, आणि मी पाठ फिरवली नाही. मी वाकलो आणि रोज शंभर वेळा म्हणतो तसं तिच्या कानात म्हटलं, श्वास घे, मैत्री. धरू नको. सोड.

संघदीप